हळद बाल्कनीत आली, गच्चीच्या कुलपाशी अडली

हळद लावायला, वाढवायला, काढायला आणि शिजवायला मला कुणाची परवानगी लागली नाही. ती लागली वाळवायला. फ्लॅटमध्ये राहून घरची हळद करायची हौस असेल, तर कंद आणण्याआधी गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते विचारून या. बाकी सगळं नंतर.

माझ्या सासूबाई वाईच्या. त्यांनी सेलम जातीचे कंद दिले, अक्षय्य तृतीयेनंतर मी ते बाल्कनीत ग्रो बॅगांमध्ये लावले. आमच्या बाल्कनीत ऊन सकाळचं, दहा-साडेदहापर्यंत. हळदीला तेवढं चालतं, अर्धवट सावलीत ती आनंदाने वाढते. फक्त बॅगेत पाणी तुंबू द्यायचं नाही. श्रावणात पातोळ्यांना पानं झाली, शेजारणींनीही नेली. जानेवारीच्या शेवटी पानं पिवळी होऊन वाळली, तेव्हा पाणी तोडलं आणि बॅगा उपड्या केल्या.

फोनवर सासूबाईंचं एकच टुमणं : "काढलीस ना, मग दोन-तीन दिवसांत शिजवून घे गं. लोळत ठेवू नकोस." त्यांचं बरोबर आहे. न शिजवता वाळवायला घेतली तर ती वाळायला खूप वेळ घेते, शिवाय कंद जिवंत असतो. शिजवल्यावर आतला स्टार्च खळीसारखा होतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं. मधला जाड जेठा गड्डा आणि बाजूची बोटं, म्हणजे हळकुंडं, वेगवेगळी शिजवायची, कारण गड्ड्याला जास्त वेळ लागतो. पाणी वर येईल इतकंच घालायचं. पाऊण ते एक तासात फेस येतो, वाफेला हळदीचा खास वास सुटतो. काडी टोचून बघायची, सहज आत गेली की बंद. जास्त शिजली तर रंग काळपट होतो.

इथवर सगळं सुरळीत. आता शिजलेली, निथळलेली, गरम हळद परातीत घेऊन मी गच्चीच्या दारात उभी, आणि दाराला कुलूप.

मी सेक्रेटरींना आधी विचारलेलं होतं. लिफ्टमध्ये ते म्हणाले होते, "हो हो, घाला की." पण मधल्या काळात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि दारावर कागद लागला : गच्चीवर पापड, कुरडया, धान्य, गाद्या वाळत घालू नयेत. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, तोंडी नाही चालत आता. अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो."

"अहो काका, शिजलेली आहे. मीटिंग कधी?"

"दुसऱ्या रविवारी."

शिजलेली हळद मीटिंगची वाट बघत नाही, हे त्यांना कसं सांगायचं? ती ओली राहिली की चिकट होते, मग बुरशी धरते आणि वास येतो. पहिले दोन-तीन दिवस तिला हवा आणि ऊन मिळालंच पाहिजे. मी अर्ज लिहिला, "गच्ची सर्व सभासदांची सामाईक जागा आहे" असं वाक्यही त्यात घातलं. त्यावर उत्तर आलं की सामाईक आहे म्हणूनच परवानगी लागते. आज हळद, उद्या कुणी मिरच्या आणेल, आणि नव्या कोटिंगवर डाग पडले तर खर्च कोण देणार?

त्यात भर पडली जिन्याची. परात खाली आणताना कडेचं पिवळं पाणी दोन पायऱ्यांवर सांडलं होतं. सफाईवाल्या मावशींनी त्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि डाग लालभडक झाले. हळदीचं ते असंच आहे, अल्कली लागली की लाल होते, कुंकू करतात तेही त्याच न्यायाने. पण जिन्यात लाल डाग दिसल्यावर वॉचमनपासून चौथ्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळे चौकशीला आले. साध्या पाण्याने धुतल्यावर लाली गेली, पिवळेपणा राहिला. हळदीचा डाग पुसताना आधी साबण लावू नका, लोक घाबरतात.

तोपर्यंत हळद बाल्कनीत. सकाळचं ऊन कट्ट्यावर येतं तिथे सुती साडी टाकून एकच थर पसरला, दहानंतर खोलीत पंख्याखाली. दुपारी गाडीच्या टपावर चादर घालून ठेवायचा विचार केला, तर "पार्किंगमध्ये फक्त वाहने" असा दुसरा कागद तयारच होता. शेतावर दोन-तीन इंचांचा थर उघड्या उन्हात घालून १० ते १५ दिवसांत काम होतं. आमच्याकडे वरून सुरकुत्या पडल्या, साल घट्ट झाली, आणि मधोमध मोडलं तर आत मेणचट. हेच फसवं असतं. बाहेरून हात लावला तर वाटतं झालं. आतलं पाणी अजून बाहेर आलेलंच नसतं.

यावर उपाय सासूबाईंचाच. संध्याकाळी सगळी गोळा करून गोणपाटात बांधून ठेवायची. रात्रभरात आतली ओल बाहेरच्या भागापर्यंत येते, सकाळी हळकुंड पुन्हा किंचित नरम लागतं. नरम लागलं म्हणून घाबरायचं नाही, तेच व्हायला हवं. मग परत ऊन. प्लॅस्टिकची पिशवी मात्र अजिबात नको, आत घाम धरतो. आणि फेब्रुवारीत पुण्यात दुपारी कितीही तापलं तरी पहाटे गार असतं, दव पडतं, म्हणून रात्री उघड्यावर ठेवायची नाही.

आता डागांचं. मला कमिटीशी भांडून काही मिळणार नव्हतं. मी पांढऱ्या रुमालावर हळदीचं पाणी चोळलं, निम्मा रुमाल पुठ्ठ्याने झाकला आणि वॉचमनच्या खोलीसमोर कडक उन्हात ठेवला. संध्याकाळी उघडा भाग फिकट पडला होता, झाकलेला पिवळाधमक. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही, एवढंच. तो रुमाल सेक्रेटरींच्या दारात नेऊन दाखवला. ते बराच वेळ उलटासुलटा करून बघत राहिले, मग त्यांच्या मिसेस आतून म्हणाल्या, "अहो, द्या ना किल्ली, घरची हळद आहे." मीटिंगआधी किल्ली मिळाली ती त्या वाक्यामुळे, माझ्या प्रयोगामुळे नाही, असा माझा पक्का संशय आहे. अटी तीन : खाली जाड कापड, पाचच्या आत आवरणं, आणि किल्ली रोज परत.

गच्चीवर मात्र हळदीने कमाल केली. वारा मोकळा, दिवसभर ऊन. बाल्कनीत रेंगाळलेली तीच हळकुंडं तिथे बघता बघता कडक झाली. झाली कधी ते ओळखायचं आवाजावरून. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजली पाहिजेत, आणि मोडताना वाकायला नकोत, कट्कन तुटली पाहिजेत. बाजारात जाणारी हळद ८ ते १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात. घरी मोजायला यंत्र नसतं, पण मी वजन केलं. रोज एकाच वेळी काट्यावर ठेवायची, सलग दोन-तीन दिवस वजन हललं नाही की थांबायचं. ओल्या पाच किलोंची वाळून साधारण एक किलो होते, त्यामुळे उरलेली मूठभर बघून जीव छोटा करू नका. गड्डे हळकुंडांच्या मागे राहतात. ते वेगळ्या कापडावर ठेवा, नाहीतर एक ओला गड्डा सगळ्या पोत्याला बुरशी लावेल.

वाळलेली हळद वरून मळकट, खडबडीत दिसते. पॉलिश म्हणजे फक्त घासणं. गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरून रगडायची, वरचा पापुद्रा आणि मुळं झडतात. उन्हाने उडालेला रंगही बहुतेक त्या सालीतच असतो, आत भगवा निघतो. आमच्याकडे हे काम नवऱ्याला दिलं, तक्रार केली पण केलं.

एक राहिलंच. पुढच्या वर्षीचं बियाणं शिजवण्याआधी बाजूला काढा. काही चांगले गड्डे सावलीत कोरड्या वाळूत ठेवले आहेत. शिजवलेला कंद उगवत नाही, हे उघड आहे, पण घाईत विसरतं.

दळायला घरचा मिक्सर वापरू नका, हळकुंड दगडासारखं असतं, पातं जातं. आधी खलबत्त्यात ठेचून तुकडे करा आणि मसाला कांडपवाल्याकडे न्या, तेही आधी विचारून. आमच्या जवळचा एवढीशी हळद घ्यायला तयारच नव्हता, कारण मागून येणाऱ्याचं तिखट पिवळं होतं. त्याचं हळदीचं मशीन आठवड्यातून एकदाच लागतं, त्या दिवशी गेले तर पाच मिनिटांत झालं. पूड गरम निघते. घरी आल्यावर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डबा बंद करा, आणि डबा स्टीलचा. काचेच्या बरणीत दिसायला छान दिसते, पण ओट्यावर उजेडात ठेवली की तिचं माझ्या रुमालासारखंच होतं.