मोटारी, गाळ आणि तांब्याची तार

आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. वडील गंगाखेडला गंगेवर नाव चालवायचे. 1976 ला पैठणला जायकवाडी झालं आणि इकडं उन्हाळ्यात नुसतं वाळवंट उरायला लागलं. नाव दारात उलटी पडली. मी पाणी उपसायच्या विजेच्या मोटारी भरायला शिकलो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला. तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, गुंडाळायचा पहिला साचा, फर्मा, त्या नावेच्याच फळीतून केला, तो अजून वापरात आहे. कॉइल बसते त्या खाचांत, म्हणजे स्लॉटात, ठोकायच्या बांबूच्या पट्ट्याही मी घरीच तासतो. बाजारात फायबरच्या तयार मिळतात. मिळू द्या.

2006 च्या ऑगस्टात गंगा आली तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांच्या 31 मोटारी होत्या. 11 भरून, वार्निश मारून वाळत टांगलेल्या. पाणी ओसरल्यावर शटर उचकटलं तर आत गुडघाभर गाळ. नावाच्या चिठ्ठ्या धुऊन गेलेल्या, कुणाची कोणती कळेना. काठावरच्या सगळ्यांच्या मोटारी बुडालेल्या, म्हणजे धंदा दारात उभा, आणि माझ्याकडं तारेला पैसे नाहीत. तारवाल्यानं उधारी बंद केली. त्याच महिन्यात माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं समोर दुकान टाकलं. ॲल्युमिनियमची तार, भाव माझ्या निम्मा. स्लॉट तेवढाच, तारेची जाडी, म्हणजे गेज, तेच, मग लोड आला की तापणारच! पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? ज्यांच्या मोटारी मी रात्री 11 ला कमरेएवढ्या पाण्यात उतरून काढल्या, तेही तिकडं गेले. नावं घेत नाही. वाचत असतील तर त्यांना कळेल.

मुद्गलकडचे एक आबा तेवढे आले. गाळातल्या ढिगात त्यांनी आपली साडेसात हॉर्सपॉवरची मोटार ओळखली, पायाचा एक कान तुटलेला होता म्हणून. कोपरीतून पैसे काढले आणि म्हणाले, "पोरा, आधी तार आण. मोटार भर सावकाश." त्या पैशाच्या तारेत त्यांची धरून 4 मोटारी निघाल्या.

पुढं ढालेगाव, तारूगव्हाण, मुद्गलच्या बंधाऱ्यांनी पाणी थांबलं, मोटारी वाढल्या, बरं चाललं.

एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. मोटार भरायला टाकली की जुनी तार तोलून परत मागा, नवी किती बसली तेही काट्यावर बघा. फ्यूजच्या जागी तारेचा गठ्ठा कोंबू नका. विजेच्या तीन फेजांतला एक गेला की मोटार गेलीच. फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवा, भरणावळीपेक्षा स्वस्त पडतो.

समोरच्यानं दोन मजले चढवले, तेही खरं. त्याच्याकडं भरलेल्या मोटारी जळून माझ्याकडं येतात, बहुतेक अंधार पडल्यावर.

आबा गेले. नातू आता सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालायची मोटार, घेऊन येतो आणि पैसे आधीच टेबलावर ठेवतो. मी म्हणतो, काम झाल्यावर दे. तो म्हणतो, आबांनी सांगून ठेवलंय.