भिंतीला पाठीमागून पाणी सुटलं तेव्हा

माझं काम काँक्रीट भाजून बघण्याचं. पुण्याजवळच्या एका चाचणी प्रयोगशाळेत आमची गॅसवर चालणारी उभी भट्टी आहे. तिच्या तोंडाला काँक्रीटचं पॅनेल बसवायचं, आतल्या अंगाने आग द्यायची आणि बाहेरच्या अंगाला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, लावून ते काय करतंय ते पाहायचं. त्या पावसाळ्यात दोन पॅनेल आली होती. अणुवीज केंद्रातल्या केबलच्या खोल्यांमध्ये आग अडवणारी भिंत म्हणून हे काँक्रीट चालेल का, एवढाच प्रश्न होता. दोन्ही एम-60 या उच्च ताकदीच्या प्रतीची, दीडशे मिलिमीटर जाडीची. सिमेंट तेच, सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) तेवढीच, खडी आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची. फरक एकच. एका पॅनेलमध्ये दर घनमीटरला दोन किलो पॉलिप्रॉपिलीनचे (एक प्रकारचं प्लॅस्टिक) केसासारखे तंतू मिसळले होते, दुसऱ्यात नव्हते.

अणुभट्टी आणि उष्णता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वितळलेलं इंधनच येतं. आपल्या देशातला सगळ्यात गंभीर प्रसंग मात्र साध्या आगीचा आहे. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशात नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधला हायड्रोजन गळला आणि टर्बाइन हॉल पेटला. आग केबलवरून पुढे सरकली आणि नेहमीचा व आणीबाणीचा दोन्ही वीजपुरवठा गेला. सुमारे सतरा तास केंद्र अंधारात होतं. अणुभट्टी कर्मचाऱ्यांनी लगेच बंद केली, पण बंद अणुभट्टीतलं इंधनसुद्धा उष्णता टाकतच राहतं. शेवटी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी सोडून ती उष्णता काढली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या रात्री अंधारात वाल्व्ह फिरवत उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. आणि म्हणूनच दोन केबलखोल्यांमधली भिंत ही माझ्या लेखी किरकोळ गोष्ट नाही. ती पडली तर एका बाजूची आग दुसऱ्या बाजूच्या राखीव केबलपर्यंत पोचते, मग राखीव काहीच उरत नाही.

आधी तंतू नसलेलं पॅनेल चढवलं. सकाळीच त्याची आर्द्रता मोजली होती. पावसाळाभर शेडमध्ये राहिल्यामुळे ती वजनाच्या चार टक्क्यांवर होती. युरोपीय संहितेत तीन टक्क्यांच्या खाली काँक्रीट फुटण्याची भीती कमी धरतात, त्यामुळे काहीतरी होणार हे दिसत होतं. बर्नर पेटले. प्रमाणित आगीचा आलेख असा चढतो की अर्ध्या तासात भट्टी 840 अंश सेल्सिअसवर आणि तासाभरात 945 वर जाते.

पहिली दहाएक मिनिटं काहीच झालं नाही. मग लाह्या फुटाव्यात तसे आवाज सुरू झाले, आधी तुरळक, मग सलग. काचेच्या झरोक्यातून पाहिलं तर तापलेल्या पृष्ठभागावरून बशीएवढे पातळ पापुद्रे सुटून भट्टीच्या तळाशी पडत होते. मध्येच एक मोठा धमाका झाला आणि बर्नरची ज्योत हलली. आमची नवी प्रशिक्षणार्थी मुलगी दोन पावलं मागे सरकली. भट्टी सांभाळणारे मामा जागचे हलले नाहीत, ते पॅनेलच्या पाठीकडे बघत होते.

"ताई, मागनं पाणी गळतंय बघा."

खरंच गळत होतं. आत आठशे अंशांची आग आणि बाहेरच्या थंड अंगावर आधी ओलसर डाग, मग थेंब, मग चौकटीच्या कडेने बारीक धार. वरच्या कोपऱ्यातल्या केसाएवढ्या भेगेतून वाफेची फुंकर. मी हात लावून पाहिला, पाणी सोसवेल इतपतच कोमट होतं. ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती, इतरांच्या चाचण्यांचे फोटोही पाहिले होते. पण वाळलेल्या, दगडासारख्या कडक भिंतीतून डोळ्यांदेखत पाणी निथळताना पाहिलं की काँक्रीटकडे बघण्याची नजरच बदलते.

हे पाणी आतलंच. एक घनमीटर एम-60 करताना दीडशे लिटरच्या आसपास पाणी घालतात. त्यातलं काही सिमेंटशी कायमचं बांधलं जातं, काही बारीक छिद्रांत मोकळं राहतं. आग लागली की मोकळ्या पाण्याची वाफ होते. काही वाफ आगीच्या बाजूने निसटते, उरलेली आतल्या थंड थराकडे पळते आणि तिथे पुन्हा पाणी होऊन छिद्रं तुंबवते. मागून येणाऱ्या वाफेला आता वाट नाही. तिचा दाब वाढतो आणि त्याच वेळी तापलेला पृष्ठभाग फुगू पाहतो, पण मागचं थंड काँक्रीट त्याला फुगू देत नाही. हे दोन्ही ताण एकत्र आले की थर उडतो. काँक्रीट जितकं घट्ट, तितकी वाफ जास्त कोंडते. सिलिका फ्यूम घालून आपण छिद्रं बुजवतो, ताकद आणि गळतीरोधकता मिळवतो, आणि आगीत नेमकी तीच घट्टी अंगावर येते. 18 नोव्हेंबर 1996 ला इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनल बोगद्यात आग लागली तेव्हा तिथलं उच्च प्रतीचं अस्तर असंच थराथराने सोलून निघालं होतं.

तरीही पाण्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. एक किलो उकळतं पाणी वाफ होताना बावीसशे किलोजूलहून जास्त उष्णता गिळतं. आमच्या आलेखात आतले थर्मोकपल शंभर अंशांपाशी बराच वेळ रेंगाळले, ते याच कारणाने. पाणी आहे तोवर भिंतीची पाठ तापत नाही. पाठीचं सरासरी तापमान सुरुवातीपेक्षा 140 अंशांहून जास्त वाढू नये ही अट असते. पॅनेल तिच्या जवळपासही पोचलं नाही. पण पुढून काँक्रीटमधल्या पोलादी सळ्या उघड्या पडल्या आणि लालसर दिसू लागल्या, तेव्हा मी गॅस बंद करायला सांगितलं. सहाशे अंशांना सळईची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. पाठ थंड असली तरी भार घेणारी भिंत म्हणून तिचं काम संपलेलं असतं.

दुसरं पॅनेल भट्टी निवल्यावर चढवलं. त्याच्याही पाठीला पाणी सुटलं, पण ते फुटलं नाही. तंतू 160-170 अंशांना वितळतात आणि त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात, वाफ त्यांतून निघून जाते. तासाभराच्या आगीनंतर पृष्ठभागावर भेगांची दाट जाळी होती, रंग राखाडी-पांढुरका झाला होता, पण सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर जागेवर होतं. दोन किलो तंतूंनी घडवलेला हा फरक मी ज्याला त्याला दाखवत सुटले.

संध्याकाळी त्या मुलीने पहिल्या पॅनेलच्या उघड्या सळ्यांशेजारी मोबाइल धरला. पडद्यावर जपानमधल्या अपघातग्रस्त फुकुशिमा केंद्राच्या पहिल्या युनिटचा फोटो होता. 2023 मध्ये पाण्याखालच्या रोबोने अणुभट्टीच्या पात्राला खालून आधार देणाऱ्या पेडेस्टलच्या आतून काढलेला. काँक्रीटच्या गोल भिंतीचा तळाचा सुमारे मीटरभर भाग आतून नाहीसा झालेला आणि सळ्या मात्र सरळ उभ्या.

"मॅडम, हे आपल्यासारखंच झालं ना?"

दिसायला सारखंच, पण तसं मानून चालणार नाही, हे मी तिला बसवून सांगितलं. आपल्या भट्टीत थर उडवणारी वाफ होती. तिथे वितळलेलं इंधन, त्याचं आवरण आणि पोलाद यांचा दोन हजार अंशांच्या पुढचा रस, म्हणजे कोरियम, पात्र फोडून काँक्रीटवर आला होता. त्या तापमानाकडे जाताना काँक्रीट टप्प्याटप्प्याने मोडत जातं. साडेचारशेच्या आसपास त्यातला चुना विघटित होतो. 573 अंशांना गारगोटीच्या खडीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो. सातशे-आठशेला चुनखडीची खडी कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि अकराशेच्या पुढे काँक्रीट स्वतःच वितळू लागतं. सुटलेली वाफ इंधनाच्या आवरणातल्या झिर्कोनियम धातूशी आणि लोखंडाशी भिडून हायड्रोजन तयार करते. म्हणजे जी भिंत सगळं अडवून धरायला बांधली, तिच्यातूनच जळणारा वायू येतो. सळ्यांचं पोलाद दीड हजाराच्या आसपास वितळतं. त्या उभ्या राहिल्या आणि काँक्रीट गेलं, हे कोडं जपानी संशोधक अजून सोडवत आहेत. चेर्नोबिलला 1986 मध्ये तळघरात जो लाव्हा वाहत जाऊन थिजला, त्यात सगळ्यात मोठा वाटा सिलिकाचा होता. वाटेतलं काँक्रीट आणि वाळू पोटात घेतच तो पुढे गेला होता.

म्हणून खडी कुठली हा प्रश्न मी कधी सोडत नाही. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत काँक्रीटच्या खोबणीत कृत्रिम कोरियम ओतून पाहिलं. चुनखडीचं काँक्रीट खाली आणि बाजूला सारखंच झिजलं, गारगोटीचं मात्र बाजूला जास्त. ज्या नव्या रचनांमध्ये कोरियम पसरवून थंड करायची जागा ठेवतात, तिथे मुद्दाम वितळण्यासाठीच काँक्रीटचा थर घालतात. जैतापूरसाठी ठरवलेल्या फ्रेंच बनावटीच्या ईपीआर अणुभट्टीत अशी 170 चौरस मीटरची जागा असते. आपल्या कुडनकुलमच्या अणुभट्ट्यांमध्ये पात्राखाली वितळलेलं इंधन झेलणारा वेगळा कोअर कॅचर बसवला आहे. रोजच्या कामकाजात तर मर्यादा फार खाली असतात. अमेरिकी संहितेनुसार अणुभट्टीचं काँक्रीट कायमस्वरूपी 66 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, पाइप आरपार जातात तिथे 93, आणि अपघातात थोड्या वेळापुरतं 177. कारण वर्षानुवर्षं किंचित जास्त तापलेलं काँक्रीट न फुटता, न आवाज करता आतल्या आत पाणी गमावत राहतं.

दुसऱ्या पॅनेलमधून कापून काढलेला काँक्रीटचा एक दंडगोल गाभा मी खिडकीत ठेवला होता. काढला तेव्हा धड होता. दमट हवेत काही आठवडे गेल्यावर बोटाने त्याचे कण सुटायला लागले. आगीत विघटित झालेला चुना हवेतलं पाणी परत ओढून घेतो आणि फुगतो, त्यामुळे आग विझल्यानंतरही ताकद घटत राहते. आगीनंतर दुसऱ्याच दिवशी हातोड्याने ठोकून 'भिंत ठीक आहे' असा दाखला देणारे अहवाल मी पाहिले आहेत. तसे अहवाल देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

अहवाल पाठवल्यावर डिझाइन करणाऱ्या साहेबांचा फोन आला. तंतूंनी काँक्रीट ओतायला चिकट होतं, ते नको असतील तर प्रत एम-80 करून चालेल का? मी म्हटलं, प्रत वाढवाल तर ते आणखी घट्ट होईल आणि आधी फुटेल. तंतू ठेवा, चिकटपणा मिश्रणात निस्तरता येतो. आणि खऱ्या इमारतीत भिंतीवर वरून भार असतो, दाबाखालचं काँक्रीट आगीत जास्त सोलतं. आमची पॅनेल बिनभाराची होती. दाब देणारी चौकट आता जुळवायला घेतली आहे. ती तयार झाली की तंतूवालं पॅनेल भर पावसाळ्यातल्या आर्द्रतेसह भाराखाली तपासायचं, आणि ते टिकल्याशिवाय मंजुरीच्या कागदावर माझी सही होणार नाही, हे मी त्यांना लेखी कळवलं आहे.