आमची वाटचाल : एकच केक, डॉर्सेटचा

आमचा सगळा व्यवसाय एकाच पदार्थावर चालतो: डॉर्सेट ॲपल केक. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या या परगण्यातला हा घरगुती केक. शेजारच्या डेव्हन आणि सॉमरसेटचेही आपापले ॲपल केक आहेत आणि जो तो आपलाच खरा मानतो.

सुरुवात घरच्याच ओव्हनवर झाली. इथे खाण्याचा धंदा सुरू करायच्या किमान 28 दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, तीही विनाशुल्क. ऑक्टोबर 2021 पासून विक्रीच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या पाकिटांवरही सगळे घटक लिहून ॲलर्जीचे पदार्थ ठळक छापावे लागतात. काम वाढलं, पण हा नियम मला मनापासून पटतो.

कृती साधी आहे. 225 ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर आधीच मिसळलेल्या) मैद्याला निम्मं थंडगार लोणी बोटांनी चोळायचं, शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो तसं. मग लोण्याइतकीच साखर, मैद्याइतक्या सफरचंदाच्या फोडी, एक अंडं आणि लागलंच तर चमचाभर दूध. पीठ घट्टच हवं. सफरचंदाला ओव्हनमध्ये पाणी सुटतं; पीठ आधीच सैल असलं की केक मधोमध गिच्च होतो. वरून डेमेरारा, म्हणजे जाडसर तपकिरी साखर भुरभुरायची.

सफरचंद मात्र ब्रॅम्लीच. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने 1809 साली बी लावलं, त्यातून हे वाण आलं. कच्चं खाल्लं तर दात आंबतात, पण शिजलं की लोण्यासारखं मऊ होतं आणि आंबटपणा तरीही टिकतो. गोड सफरचंदाच्या फोडी अख्ख्या राहतात, पण त्यांची चव साखरेत हरवते. वेलची, केशर घाला असं आपली माणसं प्रेमाने सुचवतात. आम्ही घालत नाही. मग सफरचंद उरतं कुठे? गणपतीच्या दिवसांत मराठी घरांसाठी बिनअंड्याचा करतो, अंड्याऐवजी दही घालून. एवढाच काय तो बदल.

मोठ्या दुकानांनी मागणी केली, आम्ही नको म्हटलं. आतल्या ओलाव्याने वरचा साखरेचा कुरकुरीत थर दुसऱ्या दिवशीच मऊ पडतो, त्यामुळे शेल्फवर ठेवण्याचा हा माल नव्हे. पहाटे भाजायचा आणि बुधवारी, शनिवारी ब्रिडपोर्टच्या बाजारात विकायचा. घरी नेलेला तुकडा जरा गरम करा आणि वर क्लॉटेड क्रीम, म्हणजे दाट साय घ्या, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही आवर्जून सांगतो.