दर अर्ध्या तासाला टॉर्च: फ्री फ्लॅपचा पेशंट सांभाळायला शिकताना

नर्सिंग करून ब्रिटनला यायच्या तयारीत असाल आणि प्लास्टिक सर्जरीचा वॉर्ड मिळाला, तर पहिल्याच आठवड्यात ‘फ्लॅप ऑब्ज’ (ठरावीक वेळाने फ्लॅप तपासणं) हा शब्द दिवसभर कानावर पडेल. शरीराच्या एका जागेवरची कातडी, चरबी, कधी स्नायू किंवा हाड, धमनी आणि शिरेसकट काढून दुसरीकडे नेतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात, तो फ्री फ्लॅप. आपल्याकडे तंबाखूने जबडा गमावलेल्यांना पायाचं फिब्युला हाड घालून नवा जबडा करतात, तेही हेच ऑपरेशन. वाहिन्या 1 ते 3 मिलिमीटरच्या, धागा केसाहून बारीक. जोडात गुठळी व्हायचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या 2-3 दिवसांत, आणि तेव्हा फ्लॅपजवळ सर्जन नसतो, नर्स असते.

तपासणीचं वेळापत्रक प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं. पहिले 24 तास दर अर्ध्या तासाला किंवा तासाला, मग हळूहळू अंतर वाढवतात. प्रत्येक वेळी रंग, ऊब, फुगीरपणा, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ आणि डॉपलरचा (कातडीवर प्रोब टेकवून रक्तप्रवाह ऐकायच्या यंत्राचा) आवाज, सगळं लिहायचं.

शिकवायची आम्हाला सगळ्यात पटलेली पद्धत अगदी साधी आहे. एकमेकींच्या दंडाला बीपीचा कफ बांधायचा. 60 वर फुगवून तीन-चार मिनिटं ठेवला की रक्त हातात येतं, पण परत जात नाही. हात जांभळट होतो, शिरा तटतटतात, बोट दाबून सोडलं की रंग क्षणात परत येतो. शीर तुंबलेला फ्लॅप असाच दिसतो. मग थोडा वेळ हात मोकळा सोडून कफ वरच्या बीपीच्याही पुढे न्यायचा, फक्त मिनिटभर. आता हात फिका पडतो, दाबलेल्या जागी रंग भरतच नाही. ही धमनी बंद पडल्याची खूण. पुस्तकातली चार पानं वाचून जे लक्षात राहत नाही, ते स्वतःच्या हातावर पाहिलं की विसरत नाही.

शीर तुंबण्याचं प्रमाण धमनीपेक्षा जास्त आणि नवीन मुली फसतात तेही तिथेच. रंग झटकन परत आला म्हणजे छान, असं वाटतं. दोन-तीन सेकंद लागले तर ठीक. एका सेकंदाच्या आत आला तर संशय घ्यायचा. डॉपलरवरही आंधळा भरवसा नको. शीर बंद झाल्यावरही धमनीची धडधड काही वेळ ऐकू येते, आणि मानेत तर प्रोब जरा सरकला की पेशंटच्या मूळ धमनीचाच आवाज येतो. म्हणून सर्जनने खूण केलेल्या जागीच प्रोब ठेवायचा.

सावळ्या कातडीवर रंग ओळखणं आणखी अवघड, कारण शिकवायचे बहुतेक फोटो गोऱ्या पेशंटचे. मनगटाजवळची कातडी तोंडात लावली असेल, तर ती लाल अस्तराशेजारी फिकीच दिसणार. म्हणून पेशंट वॉर्डात आल्याबरोबर देणारी आणि घेणारी, दोन्ही नर्सनी एकाच टॉर्चखाली फ्लॅप एकत्र पाहायचा. हेच शिफ्ट बदलतानाही. तुलना करायची ती मघाच्या फ्लॅपशी. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात केलेली नोंद कामाची नाही.

फ्लॅपभोवतीच्या गोष्टीही बघाव्या लागतात. डोक्यामानेच्या ऑपरेशननंतर ट्रॅकिओस्टोमीची (श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची) पट्टी गळ्याभोवती बांधली तर शीर दाबली जाते; म्हणून नळी टाके घालूनच पक्की केलेली असते. खोली उबदार हवी, लघवी वजनाच्या किलोमागे तासाला किमान अर्धा मिली हवी. 60 किलोच्या पेशंटला 30 मिली. सिगारेट पूर्ण बंद.

बदल दिसला की फोन. आपल्याकडून आलेल्या सिस्टरना रात्री तीनला सर्जनला उठवायचा संकोच वाटतो, ‘अजून अर्धा तास बघू’ म्हणतात. रक्ताविना कातडीचा फ्लॅप चार ते सहा तास तग धरतो, स्नायू जेमतेम दोन. ऑपरेशन थिएटर तयार व्हायचा वेळही त्यातलाच. फोनवर ‘जरा बघायला येता का’ असं म्हणू नका. ‘दोन वाजता गुलाबी होता, आता जांभळा, रंग एका सेकंदात परत येतो, फ्लॅप टणक लागतोय’ असं सांगा.

शिरेचा जोड दुरुस्त करता येण्यासारखा नसेल, तर तुंबलेलं रक्त ओढायला कधीकधी जळवा लावतात. जळू सुटावी म्हणून आपल्याकडे मीठ टाकतात, इथे ते सक्त मना, कारण ती पोटातलं जखमेत ओकते आणि तिच्या पोटातल्या जंतूंमुळे जखम पिकते. त्या जंतूंसाठी अँटिबायोटिक द्यावंच लागतं. पोट भरलं की ती आपोआप गळते, पण जखम पुढे कित्येक तास पाझरत राहते, म्हणून हिमोग्लोबिन तपासत राहायचं. तोंडात लावली असेल, तर घशाकडे सरकू नये म्हणून मागे गॉझ ठेवायचा. किती लावल्या, किती परत मिळाल्या, हे मोजून लिहायचं. वापरलेली जळू 70 टक्के अल्कोहोलमध्ये मारून क्लिनिकल कचऱ्यात टाकायची.