सलाइनवर ठेवलेला दगड

सलाइनचा सेट कसा लावायचा हे मी ताईकडून शिकले. ती सरकारी रुग्णालयात नर्स आहे. मी तेव्हा नागपूरला धातुशास्त्रात एम.टेक. करत होते आणि मला थेंब सोडायचे होते ते ७८ किलो दगडावर.

विषय होता हीप लीचिंग. पुस्तकी मराठीत त्याला ढीग-निक्षालन म्हणतात, पण तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कल्पना सोपी आहे. दगडात टनामागे चार किलोसुद्धा तांबं नसेल, तर तो पिठासारखा दळून, तांब्याचे कण फेसावर तरंगवून वेगळे काढण्याचा खर्च बऱ्याचदा परवडत नाही, दळणाची वीजच बरंचसं खाते. मग दळायचंच नाही. दगड नुसता फोडायचा, प्लास्टिकच्या जाड अस्तरावर सहा-आठ मीटर उंच ढीग रचायचा आणि वरून पातळ सल्फ्युरिक आम्ल ठिबकत ठेवायचं. ठिबक म्हणजे आपल्या संत्र्याच्या बागेतलंच. तांबं विरघळून खाली झिरपतं, निळसर पाणी तळ्यात गोळा होतं आणि त्या पाण्यातून तांबं काढायचं. सोन्याच्या खाणीत आम्लाऐवजी सायनाइडचं पाणी असतं, बाकी रीत तीच.

माझा दगड मलाजखंडचा. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली ही तांब्याची खुली खाण १९८२ मध्ये सुरू झाली. गोंदियाहून बालाघाट, तिथून बैहर आणि मग मलाजखंड असा प्रवास. कान्हाचं जंगल जवळच. खाणीच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं तर डंपर काडेपेटीएवढे दिसतात. मला मात्र त्या खड्ड्यापेक्षा बाजूचे ढिगारे बघायचे होते. कारखान्यात पाठवण्याइतकं तांबं नाही म्हणून बाजूला टाकलेला दगड. रीतसर परवानगीने त्यातली चार पोती आणली. प्रयोगशाळेत आले ०.३८ टक्के. म्हणजे माझ्या ७८ किलोंत सगळं मिळून तांबं तीनशे ग्रॅमच्या आतच.

एवढ्याशा तांब्यासाठी खरा ढीग कोण रचून देणार? त्याऐवजी उभा पाइप घेतात आणि त्याला कॉलम म्हणतात. प्लंबिंगच्या दुकानातून १६० मिलिमीटरचा, तीन मीटर लांब पीव्हीसी पाइप आणला. दुकानदार म्हणाला, "बोअरसाठी का?" मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर बस चुकली असती. दगड १२ मिलिमीटरपर्यंत फोडला होता. पाइप याहून अरुंद असता, तर पाणी दगडातून जायचं सोडून भिंतीला चिकटून सरळ खाली उतरलं असतं.

पहिला कॉलम डिसेंबर २०२३ मध्ये भरला आणि अकराव्या दिवशी तो मेला. चूक माझीच. दगड फोडल्यावर जो बारीक भुगा झाला, तो तसाच कोरडा वरून ओतला. ओतताना मोठे खडे घरंगळत कडेला गेले, भुगा मध्ये बसला. भिजल्यावर त्याचा चिखल झाला आणि पाणी वरच साचलं. शनिवारी संध्याकाळी सगळं ठीक दिसत होतं. सोमवारी आले तर पाइप तोंडापर्यंत भरून आम्ल जमिनीवर आलेलं, सिमेंटला वाटीएवढा खड्डा. प्रयोगशाळेतले काका चुन्याची पिशवी घेऊन उभे होते.

"काहून बेटा, दगडाले पाणी पाजतं का कोणी एवढं?"

सरांनी रागावण्याऐवजी विचारलं, "ॲग्लोमरेशन केलंस का?" केलं नव्हतं. वाचलं होतं, पण एवढ्याशा कॉलमला कशाला, असं वाटलं होतं.

ॲग्लोमरेशन म्हणजे भुगा मोठ्या खड्यांना चिकटवणं. कारखान्यात त्यासाठी तिरकं फिरतं पिंप असतं. मी निळा ड्रम आडवा टाकून पायाने लोटला. आत दगड, वरून थोडं थोडं पाणी आणि मापून आम्ल, टनाला पाच किलोच्या हिशोबाने, म्हणजे सगळं मिळून चारशे ग्रॅमही नाही. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हे अकरावीत शिकलेलं तेव्हा पहिल्यांदा खरोखर कामी आलं. पाणी किती, हे आकड्यापेक्षा हातालाच कळतं. पोहे भिजवताना कळतं तसंच. कमी पडलं तर भुगा सुटा राहतो, जास्त झालं तर गिच्चगोळा. मूठ वळून उघडली की गोळा टिकला पाहिजे आणि हातमोज्याला चिखल लागता कामा नये. तीन वेळा जमलं नाही, चौथ्यांदा जमलं. मग तो दगड एक रात्र तसाच मुरू दिला आणि बादलीने, पाइपच्या आत खोलवर नेऊन, हळूहळू रिचवला.

८ जानेवारी २०२४ ला दुसरा कॉलम सुरू झाला.

चौरस मीटरला ताशी सहा लिटर हा वेग ठरवला होता. माझ्या पाइपच्या तोंडाला तो ताशी जेमतेम ११० मिलिलिटर होतो. एवढा कमी वेग देणारा पंप विभागात नव्हता आणि मागवायला पैसे नव्हते. ताईला फोनवर हे रडगाणं सांगत होते. ती म्हणाली, "सलाइन लाव ना. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. तुझे छत्तीस थेंब होतील मिनिटाला." गुणाकार तिने बोलता बोलताच केला होता. मेडिकलमधून सेट आणले, वर आम्लपाण्याचा कॅन टांगला, चाक फिरवून घड्याळासमोर थेंब मोजले. वीज गेली तरी थेंब चालू. कॅन रिकामा होत आला की वेग मंदावतो, म्हणून रोज सकाळी भरायचा. सेट पंधरवड्याला बदलायचा, नाहीतर गाळाने तुंबतो. त्यानंतर ताईचा दर रविवारचा प्रश्न ठरलेला: "पेशंट कसा आहे?"

पेशंट सुरुवातीला झकास होता. तिसऱ्या दिवशी खालून पहिलं पाणी आलं, फिकट निळं-हिरवं. मी त्यात लोखंडी खिळा बुडवला आणि काही मिनिटांत तो तांब्याचा झाला. ही फार जुनी युक्ती. स्पेनमधल्या रिओ टिंटोला अशा पाण्यात भंगार लोखंड टाकूनच तांबं काढत. १९६८ मध्ये ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीत त्याजागी सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन आलं. केरोसीनमधलं एक रसायन पाण्यातलं तांबं उचलतं, ते पुन्हा आम्लात उतरवतात आणि मग विजेने तांब्याचे पत्रे पाडतात. काकांना मात्र खिळाच आवडला. तो त्यांनी खिशात घातला.

पंचवीस दिवसांत १६ टक्के तांबं बाहेर आलं. मी मनातल्या मनात ८० टक्क्यांचा प्रबंध लिहून टाकला. मग आलेख आडवा झाला.

कारण दगडातच होतं. उन्हापावसात राहून जे तांबं आधीच सुटं झालं होतं, म्हणजे हिरवं मॅलाकाइट आणि काळसर चाल्कोसाइट, ते भराभर उतरलं. उरलं ते चाल्कोपायराइट, तांबं, लोह आणि गंधक यांचं खनिज, सोन्यासारखं चमकणारं आणि अतिशय हट्टी. ते विरघळायला लागलं की त्याच्याच पृष्ठभागावर एक थर धरतो आणि पुढचं काम अडतं. जगभरच्या तांब्याच्या ढिगांचं हे दुखणं आहे.

इथे जिवाणू कामाला येतात. अॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे त्यांचं नाव. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणीच्या आम्लपाण्यात त्यांचा शोध लागला. लोह ही त्यांची भाकरी. पाण्यातल्या फेरस लोहाचं ते फेरिक करतात, फेरिक जाऊन खनिजाला भिडतं, त्यात त्याचं पुन्हा फेरस होतं, आणि जिवाणू परत जेवायला तयार. मी आधी फ्लास्कमध्ये ते वाढवले, याच दगडाची सवय लावली आणि तिसाव्या दिवशी सोडले. दोन आठवड्यांत पाणी तांबूस-पिवळं झालं. पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मोजणारा ओआरपी मीटर ३८० मिलिव्होल्टवरून ६०० च्या पुढे गेला. आलेखाने मान वर केली, अगदी थोडी.

याच दिवसांत, १३ फेब्रुवारीला, तुर्कस्तानात एर्झिंजान प्रांतातल्या चोपलर सोन्याच्या खाणीतला हीप लीचिंगचा ढीग सरकला. नऊ कामगार त्याखाली गेले. युफ्रेटिस नदी तिथून जवळ, त्यामुळे सायनाइडची भीती वेगळीच. व्हिडिओत डोंगर घट्ट पाण्यासारखा वाहत येताना दिसतो. मी तो पाहिला आणि माझ्या पाइपकडे बघितलं. तोपर्यंत माझं सगळं लक्ष खालून काय येतंय यावर होतं. आत किती पाणी राहतंय, दगडाच्या फटी किती भरल्यात, त्या ओल्या वजनाचं काय होतं, हे मी एकदाही मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागले. प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यातून आलं. नऊ माणसं मेल्यावर सुचलेलं प्रकरण, हे लिहिताना बरं वाटत नव्हतं.

मार्चअखेर वेगळंच संकट. या जिवाणूंना तीस अंशांच्या आसपास मानवतं, चाळिशीच्या पुढे ते मान टाकतात. नागपूरच्या उन्हाळ्याला हे कोण सांगणार? पाइपला ओलं बारदान गुंडाळलं, समोर खसच्या ताट्यांचा कूलर लावला. विभागातले पोट्टे दुपारी माझ्या कॉलमजवळ येऊन झोपायला लागले.

आणि त्याच उन्हाने मला खोटा आनंदही दिला. नव्वदाव्या दिवशी हिशोब ४१ टक्के आला. धावत सरांकडे गेले. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, "पाणी किती आहे बादलीत?" मी लिटरमागे तांबं मोजायचे आणि पाणी प्रत्येक वेळी वीस लिटर धरत होते. बादलीत चौदा होतं, बाकीचं हवेत उडालं होतं. तांबं वाढलं नव्हतं, पाणी कमी झालं होतं. खरा आकडा २९. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. ताई म्हणाली, "इनटेक-आउटपुट चार्ट ठेवत नाहीस का? आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात."

६ मे ला, १२० व्या दिवशी, थेंब बंद केले. धुऊन, निथळून पाइप ग्राइंडरने उभा चिरला. ओला, मळकट पिवळा दगड, जागोजागी जॅरोसाइटचे, म्हणजे लोहाच्या पिवळ्या क्षाराचे डाग. एप्रिलमध्ये एकदा पीएच अडीचच्या वर गेला होता, त्याची ती निशाणी. तळापासून दीड फुटावर नारळाएवढा एक कप्पा तसाच करडा. चार महिन्यांत तिथे पाण्याचा थेंब पोचला नव्हता. आम्ल, जिवाणू, कूलर, सगळं त्याच्या बाजूने निघून गेलं. मी हाताने तो कप्पा फोडला. आत चाल्कोपायराइट पहिल्या दिवशीसारखं चमकत होतं.

पाण्याच्या हिशोबाने ३४ टक्के तांबं निघालं. उरलेल्या दगडाच्या पृथक्करणाने ३१. दोन रात्री मी ते तीन टक्के शोधले. नमुन्यासाठी काढलेलं पाणी, जमिनीवर सांडलेलं, टायट्रेशनमधली चूक, सगळं धरूनही हिशोब जुळेना. सर म्हणाले, "दोन्ही आकडे लिही. जुळवलेला आकडा मला लगेच ओळखू येतो."

तोंडी परीक्षा जुलैत झाली. त्याआधी, २४ जूनला, कॅनडात युकॉनमधल्या ईगल खाणीचाही ढीग ढासळला होता. बाहेरच्या परीक्षकांनी ३४ टक्क्यांबद्दल एकच प्रश्न विचारला. बाकीचा पाऊण तास ओल्या वजनाच्या प्रकरणावर गेला.

उरलेलं पाणी चुन्याने शांत केलं, निळसर हिरवा गाळ दोन ड्रममध्ये भरला, झाकणावर तारीख आणि पीएच लिहिला. ते न्यायचे कोणी, यावर तीन सह्या लागत होत्या, त्यातल्या दोन झाल्या. परवा काकांचा फोन आला होता, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. ड्रमचं विचारलं. म्हणाले, "आहेत ना, पायरीजवळ. वर कुंड्या ठेवल्या."