भोसरीच्या गाळ्यात माणसं टिकवताना

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत आमचा जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांसाठी धातूचे भाग बनवून देण्याचा गाळा आहे. तीन सीएनसी आणि दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीनं), एक जुना लेथ आणि चौदा माणसं. इथे मशीन कर्जावर मिळतं, पण सेटिंग, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणं, येणारा माणूस मिळत नाही. मिळालाच तर दिवाळीचा बोनस घेऊन गावाला जातो, फोन बंद करतो आणि पंधरा दिवसांनी कळतं की शेजारच्याच गल्लीत हजार रुपये जास्तीवर लागला आहे. अशा दोन दिवाळ्या गेल्यावर या प्रकरणात नीट हात घालायचं ठरवलं.

ओळखीच्या एका कारखानदाराने माणसांना उत्साह यावा म्हणून ट्रेनर बोलावला होता. त्याने सगळ्यांना फुगे फुगवायला आणि फोडायला लावले. तो नाद मी केला नाही. चहाच्या सुट्टीत एकेकाशी बोललो. आमचे सर्वात जुने सेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, "साहेब, पगार कधी होणार तेवढं सांगा. किती, ते नंतर बघू."

मोठ्या गिऱ्हाइकांची पेमेंट साठ-नव्वद दिवसांनी येतात. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ पासून कायदा आहे, पण त्यावर बोट ठेवलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. त्यामुळे पगार कधी सातला, कधी अठराला. इकडे माणसाचं घरभाडं पाच तारखेला, बाईकचा हप्ता त्याच सुमारास, आणि हप्ता बाउन्स झाला की बँकेचा दंड वेगळा. मी एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढली. त्यासाठी घरात घ्यायचे पैसे काही महिने कमी केले, थोडं कॅश क्रेडिटमधून (बँकेच्या धंद्यासाठीच्या कर्जखात्यातून) ओढलं. तेव्हापासून पगार सात तारखेला, म्हणजे सातलाच. सात गुरुवारी आली, तर सुट्टी असल्यामुळे सहाला.

याचा पहिला परिणाम उचलीच्या (पगाराआधी घेतलेल्या पैशांच्या) वहीवर दिसला. पूर्वी महिनाअखेरीला रोज कुणीतरी दाराशी उभा. आता वीस तारखेनंतर एकदाच उचल, पगाराच्या पाव हिश्शापर्यंत, दोन हप्त्यांत कपात. दवाखाना आणि मयत यांना हा नियम लागू नाही. नियम भिंतीवर लावल्यामुळे "त्याला दिली, मला का नाही" हे भांडण मिटलं.

खरी दमछाक ईएसआयने, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याने केली. दहा माणसं झाली की ईएसआय लागतं. आमच्याकडे भरती वाढली तशी ती वेळ आली. (पीएफची सक्ती वीसपासून, तो अजून घेतलेला नाही.) माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हातात किती येणार?" मी फळ्यावर खडूने लिहिलं. पगार १८,०००. तुमचे पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये. माझे सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५. बदल्यात घरच्यांसकट औषधपाणी. तरी कुरकुर होतीच. "मोहननगरच्या ईएसआय दवाखान्यात रांगेत उभं राहायचं म्हणजे एक खाडा." मग दवाखान्याच्या पहिल्या खेपेचा अर्धा दिवस कापायचा नाही, असं कबूल केलं, तेव्हा कुठे कागद यायला लागले.

आणि कागदांनी घाम काढला. आधारवर वडिलांचं नाव एका तऱ्हेचं, पासबुकात दुसऱ्या. बायकांच्या नावांचा तर गोंधळच: लग्नात नाव बदललेलं, आधार माहेरच्या नावाचं, रेशनकार्डावर सासरचं. एका ऑपरेटरच्या बायकोच्या नावाची तीन रूपं निघाली आणि तिन्ही खरी. आधी आधार दुरुस्त करा, मग बँक, मग आमच्याकडे या, असा क्रम लावून दिला. आधार केंद्रावर जायला दुपारची सुट्टी दिली.

पुढे एका पोराच्या बोटात चिप (कापलेल्या धातूचा धारदार तुकडा) घुसली आणि टाके पडले. कामावर झालेल्या इजेला आधी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. घरी बसलेल्या दिवसांचे पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. ते पैसे त्याच्या खात्यात आले तसं १३५ रुपयांबद्दल कुणी बोलेनासं झालं.

मग उलटाच पेच आला. ईएसआय महिना २१,००० पगारापर्यंतच लागू. साडेवीस हजारांवरचा ऑपरेटर म्हणाला, "वाढ नको, आईची शुगरची औषधं तिथून येतात." वर्गणीची सहामाही एप्रिलला सुरू होते आणि ती सुरू झाल्यावर पगार मर्यादेपलीकडे गेला, तर सहामाही संपेपर्यंत माणूस आत राहतो. म्हणून त्याची वाढ एप्रिलऐवजी मेपासून दिली. तेवढ्या अवधीत त्याने आईसाठी दुसरी सोय बघितली.

माणसं जाण्याचं दुसरं कारण, हेल्परला पुढची पायरीच दिसत नव्हती. वर्षभर जॉब लावा-काढा, बर (कापलेल्या कडेची खरखर) घासा, झाडलोट करा. शिकवणारे एकटे मामा, आणि मामा शिकवायला राजी नव्हते. "शिकवलं की पळतो," असं म्हणायचे. न बोललेली गोष्ट अशी की सगळ्यांना सेटिंग आलं तर मामांना कोण विचारणार? त्यांना नुसतं 'शिकवा' म्हणून काही होणार नव्हतं. म्हणून असं ठरवलं: पोराने ड्रॉइंग वाचून, ऑफसेट घेऊन (मशीनमध्ये टूलची मापं भरून), कुणाला न विचारता फर्स्ट पीस, म्हणजे नव्या कामाचा पहिला नग काढला आणि तो मायक्रोमीटरवर पास झाला, तर त्याला महिना हजार वाढ. शिकवणाऱ्याला त्याच महिन्यात एकरकमी दोन हजार, आणि पोरगा वर्षभर टिकला तर पुन्हा तेवढेच. आता मामाच विचारतात, "या महिन्यात कुणाला बसवू?" जेवणाच्या सुट्टीत व्हर्निअर घेऊन पोरांची परीक्षा घेतात.

नगावर इन्सेंटिव्ह मात्र मी ठेवला नाही. नग वाढवायला माणूस फीड (कापण्याचा वेग) चढवतो, इन्सर्ट (टूलची कापणारी टोकं) तुटतात, रिजेक्शन वाढतं आणि वाचलेले पैसे टूलवाल्याच्या घरी जातात. त्याऐवजी खाडा नसलेल्या महिन्याला हजेरी बोनस आहे. लग्नसराईत त्याचाही उपयोग होत नाही. मे महिन्यात निम्मा गाळा गावी असतो, म्हणून त्या महिन्यात ऑर्डरच जपून घेतो.

या दिवाळीनंतर एकच हेल्पर गेला, तोही सांगून.

सध्या ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना द्यायच्या एकरकमी पैशांचा हिशोब चालू आहे. दहा माणसांवर तीही लागते, आणि मामांना अकरा वर्षं झाली. शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. २४,००० धरले तर दीड लाखाच्या वर जातं. विम्यातून तरतूद करायची की दर महिन्याला बाजूला टाकायचे, हे सीएला विचारलं आहे. मामांना आकडा सांगितला तर म्हणाले, "घरी कुणाला बोलू नका, पोरगा बुलेट मागेल."