खाड्याचे पैसे

लीड्सला मुलीकडे तीन आठवडे होतो. लंडन, यॉर्क, तळी, किल्ले सगळं झालं; फोटो पाहून नातेवाईक कंटाळलेत. लिहायचंय ते हडर्सफील्डबद्दल, जिथे यायला घरातलं कुणीच तयार नव्हतं.

स्टेशनबाहेरच्या चौकात जॉर्ज हॉटेलची इमारत आहे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी इथे उत्तरेतल्या रग्बी क्लबांची बैठक झाली आणि ते मूळ संघटनेतून फुटले. भांडण कशावरून, तर मजुरीवरून. गिरणीतला, खाणीतला माणूस शनिवारी मॅचला गेला की पगार कापला जायचा. क्लब म्हणत होते, तेवढं तरी भरून देऊ द्या. साहेबलोकांना खेळात पैसा नको होता. त्यांचा कुठे खाडा होत होता? माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. कबड्डीच्या स्पर्धा आल्या की त्यांचे खाडे पडायचे, आणि आजी त्यांचा हिशेब शेवटपर्यंत काढायची. त्या इमारतीसमोर मी पावसात उगाचच बराच वेळ उभा राहिलो. छत्री न्या, असा सल्ला देणार होतो. माझी बसमध्ये राहिली.

बसने होमफर्थ. गाव देखणं, पण जिकडेतिकडे एका जुन्या टीव्ही मालिकेचं कौतुक. मी आलो होतो हॅरोल्ड वॅगस्टाफ या जुन्या रग्बीपटूसाठी. १८९१ मध्ये इथल्या अंडरबँक भागात जन्मलेला हा मुलगा हडर्सफील्डच्या क्लबने पाच सोन्याच्या नाण्यांवर घेतला. पहिल्या मॅचला वय पंधरा वर्षं १७५ दिवस. पुढे कप्तान झाला, आणि १९१४-१५ मध्ये त्याच्या संघाने चारही चषक जिंकले. अंडरबँकचा चढ चढताना माझे गुडघे बोलायला लागले. हा पोरगा असल्या चढांवर वाढला, दमणार कशाला!

खाली कॅफेत एक आजोबा टेबलाशी येऊन बसले. आधी इंग्रजांच्या सवयीप्रमाणे पावसाबद्दल बोलले. मी वॅगस्टाफ म्हणताच त्यांनी साखरेच्या पुड्या मांडून सिडनी उभं केलं. ४ जुलै १९१४, वॅगस्टाफच्या ब्रिटिश संघाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध आठ दिवसांत तिसरी कसोटी. अर्धा संघ जायबंदी, व्यवस्थापकांचा विरोध. पण इंग्लंडहून तार आली, कर्तव्य करा, खेळा. बदली खेळाडू नव्हतेच. एकाचं खांद्याजवळचं हसळीचं हाड मोडलं, एकाला डोक्याला मार. पुड्या एकेक बाजूला सरकल्या. तेरातले दहा उरले. वॅगस्टाफच्या पासवर चिक जॉन्सन हा धिप्पाड फॉरवर्ड बॉल पायाने ढकलत सुटला आणि थेट ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे बॉल टेकवला! १४-६ ने जिंकले. मूठभर ब्रिटिश सैनिकांनी टिकाव धरलेल्या झुलू युद्धातल्या लढाईवरून त्या मॅचला 'रोर्क्स ड्रिफ्ट' म्हणतात. तार पाठवणाऱ्यांपैकी कुणी खांदा मोडून घेतला नव्हता, हे माझं मत. आजोबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वॅगस्टाफ १९३९ मध्ये गेला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. हे सांगताना त्यांनी पुड्या गोळा करून वाटीत ठेवल्या.

कॉफी महाग आणि पाणचट होती, पण त्यांनी पैसे देऊ दिले नाहीत. मग मीही गिरणी, कबड्डी, खाडे सगळं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तुमचे आजोबा कुठल्या जागी खेळायचे?"

"डावा कोपरा."

"म्हणजे विंगर," ते म्हणाले, आणि एक पुडी टेबलाच्या अगदी डाव्या कडेला नेऊन ठेवली.